पिशवी नंतर, आधी फेरी: मिशनच्या सेवाकार्यात नव्यानं येणाऱ्यांसाठी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्सचं दुकान आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मिशनच्या एक सिस्टर दर बाजाराच्या दिवशी कुणा ना कुणा बाईला सोबत घेऊन यायच्या. आधार, रेशन कार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला असा गठ्ठा काउंटरवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "भाऊ, दोन-दोन कॉप्या." एकदा त्यांच्याजवळ सुटे नव्हते. मी म्हटलं, राहू द्या. त्या म्हणाल्या, "पैसे नका राहू देऊ. त्यापेक्षा गुरुवारी दुपारी दुकान राहू द्या अन् माझ्यासोबत चला." तेव्हापासून मी दर गुरुवारी मिशनच्या घरभेटींच्या फेरीला जातो.

मी ख्रिस्ती नाही. हे आधीच सांगतो, कारण दुकानात येणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न तोच असतो: "आपल्याला चालते का जी तिथं?" चालते. कॅथलिक संस्थांच्या सेवाकार्यात हात लावायला बाप्तिस्मा लागत नाही, आणि मदत घेणाऱ्यालाही लागत नाही. बाकी काय लागतं ते खाली लिहितो. सगळं एका दिवसात जमवायचं नाही, एकेक करत जा.

आधी दार कोणतं, ते बघा

विदर्भात कॅथलिक चर्चचे तीन कारभार आहेत, आणि तुमचं गाव कुठल्या जिल्ह्यात येतं त्यावर दार ठरतं. नागपूर, भंडारा, गोंदिया नागपूरच्या महाधर्मप्रांतात. अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ अमरावतीच्या धर्मप्रांतात. चंद्रपूर, गडचिरोली आणि वर्धा चांदा धर्मप्रांतात. तो सिरो-मलबार म्हणजे केरळकडच्या परंपरेचा, म्हणून तिथले बरेच फादर-सिस्टर मल्याळी असतात. मराठी मात्र झकास बोलतात, काही जण तर आपल्यापेक्षा साफ.

वरच्या पातळीवर कारितास इंडिया आहे, १९६२ साली भारतातल्या बिशपांनी सुरू केलेली, कचेरी दिल्लीला. तिच्या जोडीला धर्मप्रांतांच्या आपापल्या समाजसेवा संस्था असतात. बचत गट, पाणलोट, शेतीचं प्रशिक्षण असली मोठी कामं त्या बघतात. तिथे पगारी कार्यकर्ते असतात. नवख्या माणसाने तिकडे थेट अर्ज धाडला तर उत्तर यायला वेळ लागतो, आणि येतं तेही "तुमच्या जवळच्या पॅरिशला, म्हणजे त्या भागातल्या चर्चला, भेटा" असंच.

म्हणून सरळ जवळच्या मिशनमध्ये जा. मिशन म्हणजे नुसतं चर्च नव्हे. बाजूला सिस्टरांचा दवाखाना, मुलींचं हॉस्टेल, कधी शाळा. सेवेचं काम बहुतेक सिस्टरांच्या हातात असतं, फादरांच्या नाही. हे मला कळायला दोन महिने लागले. फादरांना भेटून परवानगी घ्या, आणि मग सिस्टर सांगतील तसं वागा.

गाव मोठं असेल तर व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचा गटही सापडेल. ही सामान्य माणसांची संघटना. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सोबत्यांना घेऊन ती उभी केली, आणि १८६३ पासून ती भारतात आहे. त्यांच्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. सभा ठरल्या वाराला होते, सभेत एक बंद थैली फिरते, ज्याला जे जमेल ते तो मूठ झाकून टाकतो. कुणी किती टाकलं ते कुणालाच कळत नाही. घरभेटीला जायचं ते दोघांनी मिळून, एकट्याने नाही. ही दोघांची रीत मला इतकी पटली की आमच्या मिशनमध्ये असा गट नसतानाही आम्ही ती उचलली.

रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, गेलात तर माणसं भेटतात. पण खेड्यापाड्यातल्या मिशनचं वेगळं असतं. एकेका फादरकडे पाच-दहा गावं, आज इथं, उद्या तिथं. तेव्हा आधी फोन करा.

गेल्यावर काय सांगायचं

"मी काहीही करायला तयार आहे" असं सांगू नका. या वाक्याने सिस्टरांच्या कपाळाला आठी पडते, मी पाहिलं आहे. काहीही करणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात दिसत नाही. सांगायचं ते असं: माझ्याकडे आठवड्यातून अर्धा दिवस आहे, अमुक वार. गाडी आहे. मोबाइलवर फॉर्म भरता येतो. कोलामी समजते, किंवा गोंडी, किंवा मेळघाटात असाल तर कोरकू. भाषा येत असेल तर ती आधी सांगा. कोलाम पोडावर (वस्तीवर) गेलं की मराठीत "बरं आहे" म्हणणारी म्हातारी कोलामीत विचारलं की खरं दुखणं सांगते.

मग ते तुमचं आधार कार्ड घेतील, एखादा फॉर्म भरून घेतील, पोलीस पडताळणीही मागतील. राग मानू नका. हॉस्टेलच्या, शाळेच्या मुलांजवळ जायचं असेल तर हे हवंच. मुलांसोबत खोलीत एकटं थांबायचं नाही, एकट्या मुलाला गाडीवर बसवून न्यायचं नाही, त्यांचे फोटो आपल्या मोबाइलमध्ये ठेवायचे नाहीत. एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कानावर आलं तर "आधी घरच्यांशी बोलू, मग बघू" हा मार्ग कायद्याने बंद आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणं हाच गुन्हा. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर पाठ करून ठेवा.

पहिला महिना फक्त सोबत

पहिले चार-पाच फेरे तुम्ही बोलायचं नाही. मागे बसायचं. सिस्टर किंवा जुना कार्यकर्ता कसा बोलतो ते ऐकायचं. घरच्याने खाट पुढे केली तर खाटेवर बसा, खाली चटई टाकली तर चटईवर. कोरा चहा आला तर पूर्ण प्या. भांड्यात, डब्यात, चुलीत डोकावू नका. घरात किती दाणे आहेत ते त्या बाईला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल.

वेळ हंगामावर ठरते. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी सातला गाव मोकळं होतं, बाया टेम्पोत बसून गेलेल्या असतात, भेटतात ते दिवे लागल्यावर. सोयाबीन सोंगणीत तसंच. भंडारा-गोंदियात धानाची रोवणी लागली की पंधरा दिवस कुणाकडे जाऊच नये, जायचंच तर बांधीवर जावं. मार्च-एप्रिलात जंगलपट्ट्यातली माणसं पहाटेच मोहफूल वेचायला निघतात. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीच्या पांदणीत गाडी घालू नका. चिखल मडगार्डात असा बसतो की चाक फिरत नाही, मग काडीने उकरत बसायचं. गाडी डांबरीवर लावा आणि पायी जा.

आता माझी चूक सांगतो, कारण नवीन माणूस हमखास हीच करतो.

एका गावात एक आजी एकटी राहायची. मुलगा पुण्याकडे कामाला, सून माहेरी. दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत मी तिला उत्साहाने म्हणालो, "आजी, पुढच्या गुरुवारी येतो, साखर अन् तेल घेऊन येतो." पुढच्या गुरुवारी दुकानात मशीन बिघडलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी लग्न. तिसऱ्या गुरुवारी गेलो, दोन किलो साखर, तेलाचं पाकीट, वर बिस्किटांचे पुडे. आजी ओट्यावर बसलेली. तिने पिशवीकडे बघितलंच नाही. म्हणाली, "काहून आला नाई रे बापू? म्या दोन्ही बेस्तरवारी चुलीवर आंधण ठेवून बसली होती. तू चहा घेशीन म्हनून."

शेजारणीने नंतर सांगितलं, दोन्ही वेळा आजीने तिच्याकडून उसनी साखर आणली होती. साखर मी नेणार होतो, आणि तिने माझ्यासाठी उसनी आणली.

त्या दिवसापासून एक नियम केला. पिशवीचा शब्द द्यायचा नाही, फेरीचा द्यायचा, आणि दिलेली फेरी चुकवायची नाही. येणं जमत नसेल तर शेजारच्या कुणाच्या तरी फोनवर निरोप. रिकाम्या हाताने गेलेलं चालतं. न जाणं चालत नाही.

कागद

नवीन माणसाला वाटतं, मदत म्हणजे धान्याची किट. किट लागते, पूर आला, घर जळालं तर लागतेच. पण एरवी आमचा निम्म्याहून जास्त वेळ कागदांत जातो, आणि खरं सांगायचं तर मिशनची किट आठ दिवस पुरते, सरकारकडची पेन्शन दर महिन्याला येते. ती मिळवून देणं हे काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, फोटोही निघत नाही. म्हणून तिथे माणसं कमी पडतात. तुम्ही तिथे या.

विधवा, निराधार, अपंग यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना. पासष्टच्या वर श्रावणबाळ. महिन्याला १५०० रुपये (अपंगांना ऑक्टोबर २०२५ पासून २५००), आता थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. अर्ज तहसीलमध्ये, सेतू केंद्रातूनही भरता येतो. रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, रेशन कार्ड, आधार, पासबुक, आणि विधवा असेल तर नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात आधारवर "शांताबाई", रेशन कार्डावर "शांता", पासबुकावर माहेरचं आडनाव. म्हणून पहिल्या भेटीत सगळे कागद खाटेवर पसरून नाव, जन्मतारीख, आडनाव जुळवून बघा. न जुळणारं आधी दुरुस्त करा, अर्ज मग. आम्ही एका बाईची फाइल उलट केली, अर्ज आधी टाकला. कचेरीतून तीनदा परत आली, आणि दर खेपेला तिची मजुरी बुडाली.

आणखी एक, ज्याची माहिती गावात जवळजवळ नसते: दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून घराला एकदाच २०,००० रुपये मिळतात. कारण काही असो, आजार असला तरी. दहाव्या-तेराव्याला गेलात तर हे कानावर घालून या, पण त्याच दिवशी फॉर्म काढू नका.

रेशनच्या दुकानातली अडचण मी जवळून पाहिली आहे. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. मशीनवर अंगठा लावायचा. जन्मभर कापूस वेचून, निंदण करून बोटांच्या रेघाच झिजलेल्या. दुकानदार म्हणतो, "आजी, दुसरं बोट लावा. आता तिसरं. पुसून लावा." मागे रांग. आजी पदराने बोट घासते, मशीन पुन्हा लाल. सात बोटं झाल्यावर ती म्हणते, "जाऊ द्या नं भाऊ, पुढच्या महिन्यात पाहू." आणि घरी जाते. इथे तुमचं काम एवढंच, की तिला घरी जाऊ द्यायचं नाही. ओल्या फडक्याने बोटं पुसा, थोडं थांबा, पुन्हा लावा. नाहीच लागलं तर आधार जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो का ते विचारा, आणि तो नंबर कुणाचा आहे ते आधी शोधा. बहुतेक वेळा तो पुण्याला गेलेल्या पोराचा असतो. आधार केंद्रात नेऊन बोटांचे ठसे नव्याने नोंदवणं हा पक्का उपाय. त्यासाठी एक दिवस काढा. पंच्याहत्तरच्या वरच्यांना एसटी मोफत आहे, बायांना अर्धं तिकीट. ज्याचा-त्याचा वयाचा पुरावा खिशात ठेवायला सांगा.

दुखणं आणि दुःख

औषध तुम्ही द्यायचं नाही. सिस्टरांच्या दवाखान्याचं पाकीट पोहोचवायचं असेल तर जसं दिलं तसं पोहोचवायचं, आपली अक्कल लावायची नाही. आशाताई आणि अंगणवाडी ताई यांना पहिल्या महिन्यातच भेटून ठेवा. गावातलं कोणतं बाळ वजनाला कमी आहे ते त्यांच्या वहीत असतं, आणि त्यांना वगळून तुम्ही काही करायला गेलात तर त्या दुखावतात, हक्काने दुखावतात. मेळघाटात जुलै-ऑगस्ट सर्वात वाईट. घरातलं धान्य संपलेलं, रस्ते बंद, लहान बाळं जुलाबानं सुकतात. तिथे मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते प्रत्येक स्वयंसेवकाला आलंच पाहिजे: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. बाळ पीत नसेल, मलूल पडलं असेल तर लगेच १०८.

क्षयरोग्याला उपचार चालू असेपर्यंत सरकारकडून महिन्याला १००० रुपये पोषणासाठी मिळतात, खातं जोडलेलं हवं. शिवाय २०२२ पासून निक्षय मित्र म्हणून कुणीही, एखादी संस्थाही, रुग्णाच्या शिध्याची जबाबदारी घेऊ शकते. पॅरिशच्या गटाला झेपणारं काम आहे हे. फक्त शिधा पोहोचवताना दारात उभं राहून "टीबीची किट" असं ओरडू नका. एकाने ओरडलं होतं. त्या घरच्या पोरीचं जमत आलेलं लग्न मोडलं.

आणि आमच्या जिल्ह्यात राहून शेतकरी आत्महत्येविषयी बोललो नाही तर लेख खोटा होईल. अशा घरी गेलात तर पहिल्या भेटीत फक्त बसा. का केलं, किती कर्ज होतं, कुणी दुखवलं, काही विचारू नका. ते सगळं पोलिसांनी, तलाठ्याने, पाहुण्यांनी विचारून झालेलं असतं. २००६ पासून अशा कुटुंबाला एक लाखाची मदत आहे, त्यातले ३०,००० हातात आणि ७०,००० ठेवीत. पण पात्र-अपात्र ठरवते जिल्ह्याची समिती, आणि तिला शेतीची नोंद आणि थकलेलं कर्ज कागदावर दिसावं लागतं. हातउसनं कागदावर नसतं. म्हणून "मिळवून देतो" असं बोलून बसू नका. कागद लावायला मदत करा, फाइल अपात्र ठरली तरी मागे राहिलेल्या बाईला तोंड दाखवायला जा. तिला निराधारची पेन्शन वेगळी मागता येते.

घरात दुसरं कुणी गप्प गप्प झालंय, जेवत नाही, औषधाच्या डब्याकडे बघतंय असं वाटलं, तर फवारणीची औषधं शेजारी हलवायला सांगा आणि १४४१६ लावा. टेलिमानस, फुकट, मराठीत बोलतात. त्या माणसाला एकटं सोडून निघू नका.

धर्माचं काय?

विचारणारे विचारतात. गावात कुणीतरी पारावर म्हणणारच, "मिशनवाले आले, आता गळ्यात क्रूस घालतीन." मला स्वतःला एका पोलीस पाटलाने बसवून तासभर विचारलं. मी सांगितलं, या, पुढच्या गुरुवारी सोबतच चला. आला. आता रहिवासाच्या दाखल्यांसाठी तोच सरपंचाच्या मागे लागतो.

नियम साधे. पत्रकं वाटायची नाहीत. मदतीच्या बदल्यात प्रार्थनेला बोलवायचं नाही. हे गावाच्या भीतीपोटी केलेलं नाही, चर्चचं स्वतःचंच म्हणणं आहे; पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या अखेरीस आपल्या पहिल्याच परिपत्रकात लिहिलं की सेवा हे धर्मांतराचं साधन करायचं नाही. कुणी स्वतःहून "सिस्टर, प्रार्थना करा" म्हणालं तर त्या करतात, मी हात जोडून बसतो. नवीन गावात जाण्याआधी सरपंच आणि पोलीस पाटलाला भेटा, येतो त्याचा वार सांगा. लपून काही करू नका.

आणि एक गंमत. मत्तयच्या शुभवर्तमानात शेवटच्या न्यायाच्या प्रसंगी विचारलं जाणारं जे आहे, भुकेल्याला अन्न दिलं का, तहानलेल्याला पाणी, उघड्याला कपडे, आजाऱ्याकडे गेलात का, ते सिस्टरांनी मला पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, हे तर आपल्या गाडगेबाबांचं. शेंडगावच्या बाबांची दशसूत्री शाळेच्या भिंतीवर वाचत मोठे झालो आपण. सिस्टर हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती दशसूत्री वहीत उतरवून घेतली.

पैसा

हातात रोख घेऊ नका. कुणी देणगी देतो म्हणालं तर त्याला मिशनमध्ये पाठवा, पावती घ्यायला सांगा. परदेशातला भाचा पैसे पाठवतो म्हणाला तर अजूनच सांभाळून. परदेशी देणगी फक्त एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच, तिच्या ठरलेल्या खात्यातच घेता येते, तुमच्या खात्यात मुळीच नाही.

उसने मागणारे भेटतील. पहिल्याच महिन्यात भेटतील. देऊ नका. पाचशे रुपये दिलेत की तो माणूस तुम्हाला बघून रस्ता बदलतो, आणि त्याच्या घरचं दार तुम्हाला बंद होतं. गरज खरी असेल तर दोघांनी मिळून सिस्टरांकडे मांडा.

पहिल्या दिवशीची थैली

एक वही, दोन पेन, त्यातला एक निळा (काळ्या शाईची सही काही ठिकाणी झेरॉक्स समजून परत करतात). पाण्याची बाटली. ओलं फडकं, बोटांसाठी. चष्मा असेल तर तो. पासपोर्ट फोटोसाठी छोटं पाकीट, ते थैलीत हमखास चुरगळतात. शेवटच्या एसटीची वेळ वहीच्या पहिल्या पानावर. आणि सुटे पैसे. झेरॉक्स दोन रुपये पान. माझ्याकडे येणार असाल तर गुरुवार सोडून या, दुपारी दुकान बंद असतं.